वेळेवर फाटणारा डबा

पेन्सिल्वेनियात ऑक्टोबर सरत आला की घराघरांच्या तळघरांत दिवे उशिरापर्यंत जळायला लागतात. नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाला की रायफलीनं हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. कित्येक वर्षं तो सोमवारी उघडायचा आणि त्या दिवशी गावोगावच्या शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारवर आला. आम्ही हॅरिसबर्गजवळ राहायला आलो तेव्हा या सगळ्याचा मला धसकाच बसला होता. पुण्यात बंदूक पाहायची ती बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर. इथं शेजारच्या घरात रायफली कपाटात कुलूपबंद, आणि खाली तळघरात काडतुसं भरायचं बाकडं.

शेजारच्या आजोबांना त्यांची नातवंडं पॅपी म्हणायची. या भागात आजोबांना हीच हाक आहे. माझा मुलगा त्या पोरांत खेळून पॅपी म्हणायला लागला, मग मी, आणि माझे बाबा इकडे आले की तेही. पोलादाच्या कारखान्यात उभी हयात घालवलेला हा माणूस. बोलणं मोजकं, पण तळघराचं दार कायम उघडं.

काडतूस भरायचं म्हणजे काय, ते मी त्यांच्याच बाकड्यापाशी उभी राहून शिकले. काडतुसाचे चार भाग: पितळेची केस, तिच्या बुडाशी बसवलेली इवलीशी कॅप म्हणजे प्रायमर, आत पावडर म्हणजे बंदुकीची दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की गोळी जाते, पावडर जळून जाते, कॅप चेपते. केस मात्र तशीच्या तशी हातात उरते, आणि चौघांत महागडी तीच. ती पुसायची, प्रेस नावाच्या हातयंत्रात दाबून मूळ मापाला आणायची, नवी कॅप, नवी पावडर, नवी गोळी. शिकाऱ्यांचे वाचलेले पैसे हा एक भाग झाला, पण पॅपींच्या पिढीला मुळात पितळ फेकून देणंच जमत नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून सरकारची शिल्लक राहिलेली पावडर विकत घेतली आणि ती अशा घरगुती लोकांना विकली. त्यातून पुढे मोठी कंपनी उभी राहिली. उरलेल्याचं काहीतरी करायचं, हा या छंदाचा जन्मापासूनचा स्वभाव आहे.

म्हणूनच असेल, त्या तळघरातल्या फळ्या म्हणजे अमेरिकेच्या स्वयंपाकघराचा सत्तर वर्षांचा इतिहास होता. कॉफीचे पत्र्याचे डबे, किल्लीनं पट्टी गुंडाळत उघडायचे त्या काळातले. त्यांच्या शेजारी नंतरच्या काळातले फोल्जरचे लाल प्लास्टिकचे, अंगातच मुठीसाठी खाच असलेले. उट्झच्या प्रेट्झेलच्या पारदर्शक बरण्या, ज्या इथल्या प्रत्येक घरात निघतात, कारण उट्झ जवळच्या हॅनोव्हर गावची, १९२१ पासूनची. घरातल्या मांजराच्या शी-शूसाठी माती येते त्या चौकोनी बादल्या, त्यांत गोळ्या ओतायच्या शिशाच्या लगड्या. साधी प्लास्टिकची बादली ते वजन पेलणार नाही. औषधांच्या केशरी बाटल्यांत प्रेसच्या पिना आणि स्प्रिंगा. आणि वरच्या तुळईला खालच्या बाजूनं ओळीनं अडकवलेल्या लहान मुलांच्या खाण्याच्या काचेच्या बाटल्या. झाकण तुळईला स्क्रूनं कायमचं ठोकलेलं. बाटली फिरवली की हातात येते, फिरवून लावली की पुन्हा जागच्या जागी. त्यांत स्क्रू, वॉशर, नट. या बाटल्या त्यांच्या थोरल्या मुलीच्या तान्हेपणीच्या. ती मुलगी आता स्वतः आजी आहे.

सगळ्यांत देखणे होते चार्ल्स चिप्सचे डबे. फिक्या तपकिरी रंगाचे, गोल, पत्र्याचे. १९४२ साली याच भागातल्या माउंटव्हिल गावातून निघालेले बटाट्याचे वेफर्स दुधासारखे घरपोच यायचे, डबा रिकामा झाला की भरलेला देऊन जुना नेत. पॅपींच्या घरचे काही डबे परत गेलेच नाहीत. त्यांत उडवलेल्या केसा भरलेल्या असत. झाकण काढून आत हात घातला की पितळेचा तो विशिष्ट आवाज यायचा, नाण्यांपेक्षा बारीक, घुंगरांपेक्षा कोरडा. प्रत्येक डब्यावर रंगाऱ्यांची ती कागदी चिकटपट्टी, आणि तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं: कुठल्या मापाची केस, कोणत्या बंदुकीतून उडाली, किती वेळा भरून झाली. भरल्याची खूण म्हणून उभ्या रेघा, पाचवी आडवी. प्रत्येक बार उडाला की पितळ ताणतं आणि थकतं. रेघांची संख्या वाढली की तो डबा खालच्या फळीवर, आणि तिथून भंगारात. पट्टी कधी फाटलेली दिसली नाही. जुन्यावर नवी चिकटवून रेघा जशाच्या तशा उतरवून घेतलेल्या असत.

हे सगळं पाहून मला घर आठवणं साहजिक होतं. माझ्या आईच्या ओट्याखाली डालड्याचा पिवळा डबा होता, हॉर्लिक्सच्या बाटलीत लिंबाचं लोणचं, श्रीखंडाच्या डब्यांत मोहरी-जिरं, पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला झाकण करवून त्यात गहू. आपल्याकडे प्रत्येकाच्या घरी हेच, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. डब्याची आईची परीक्षा एकच होती: पत्रा जाड हवा, झाकण घट्ट हवं, मुंगी शिरता कामा नये आणि वास बाहेर येता कामा नये. मीही डबे तसेच पारखत आले.

ही पारख किती अपुरी आहे ते बाबा आले तेव्हा उलगडलं. बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ सालापासूनचा हा कारखाना. २०२१ च्या ऑक्टोबरपासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला, पण पुणेकर अजून त्याला फॅक्टरीच म्हणतात. आम्ही वाढलो ते त्या भोंग्याच्या तालावर. बाबांच्या खिशात काडेपेटी कधीच नसायची, देवापुढे निरांजन लावायलासुद्धा ते आईकडे मागायचे. सेवेतून निवृत्त झाले तरी ती सवय सुटली नाही.

पॅपींच्या तळघरात उतरल्यावर बाबांनी डब्यांच्या त्या देखण्या रांगांकडे पाहिलंच नाही. एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि मला म्हणाले, "अगं, विचार त्यांना, कॅपा कुठं ठेवतात?"

मी विचारलं. पॅपींनी पायऱ्यांपासून लांब, घर गरम करायच्या भट्टीच्या विरुद्ध भिंतीला असलेलं एक लाकडी कपाट उघडलं. साध्या जाड फळ्यांचं, हातानं केलेलं. आत फोल्जर नाही, उट्झ नाही, बाटली नाही. वरच्या कप्प्यात पावडर, ज्या डब्यांतून दुकानातून आली त्याच डब्यांत. दुसऱ्या, वेगळ्या कपाटात कॅपा, कंपनीच्या खोक्यांत. बाबांनी विचारून एक खोकं हातात घेतलं, आतला तबक अर्धा ओढून पाहिला. शंभर कॅपा, प्रत्येक आपापल्या खाचेत, एकीचा दुसरीला स्पर्श नाही. बाबांनी तबक आत सरकवला, खोकं दोन्ही हातांनी जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "या माणसाला समजतंय."

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण त्यानंतर बाबा रोज संध्याकाळी तिकडे जाऊ लागले.

बाबांनी मला ते समजावून सांगितलं ते असं. कॅपेत लेड स्टिफ्नेट नावाचं रसायन असतं, चिमटीच्याही चिमटीइतकं. फटका बसला की उडणं एवढंच त्याचं काम. तबकात एक चुकून उडाली तर बहुधा तिच्यापुरतं भागतं, कारण शेजारणी लांब आहेत. त्याच शंभर कॅपा जॅमच्या काचेच्या बाटलीत ओतल्या, की एक उडाल्यावर बाकीच्या त्याच क्षणी उडतात, आणि बाटलीची काच चौफेर. म्हणजे शंभर निरुपद्रवी वस्तूंचा, फक्त डबा बदलल्यामुळे, एक हातबॉम्ब तयार झाला. कुणी काही मिसळलं नाही, काही वाढवलं नाही.

पावडरीचं गणित तर माझ्या आईच्या परीक्षेच्या बरोबर उलटं आहे. आजची धूररहित पावडर उघड्यावर पेटली तर भपकन जळते, मोठी ज्वाळा होते, पण स्फोट होत नाही. तीच बंदिस्त जागेत पेटली की वायू कोंडतो, दाब वाढतो, दाबानं जळण्याचा वेग वाढतो, वेगानं आणखी दाब. बंदुकीच्या नळीत हेच हवं असतं. कपाटातल्या डब्यात नको असतं. म्हणून पावडर विकणारे डबा असा बनवतात की आग लागली तर तो थोड्याच दाबाला उसवावा, आतलं बाहेर पडून नुसतं जळून जावं. घट्ट पेचाचं झाकण असलेला जाड पोलादी डबा, जो तांदळाला उत्तम, तो इथं सगळ्यांत वाईट. पावडरीचा डबा चांगला कोणता, तर वेळेवर फाटेल तो.

एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ४९५ क्रमांकाच्या मानकात याचे आकडेच दिलेले आहेत. राहत्या घरात पावडर २० पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण नऊ किलो, आणि तीही मूळ डब्यांतच. ५० पौंडांपर्यंत ठेवायची तर किमान एक इंची फळीच्या लाकडी पेटीत किंवा कपाटात. कॅपा जास्तीत जास्त १०,०००. लाकूडच का, लोखंडी तिजोरी का नाही, असं मी बाबांना विचारलं होतं. लाकूड बाहेरची उष्णता आत लवकर पोचू देत नाही, आणि आतून दाब आला तर अडून बसत नाही. तिजोरी अडून बसते.

त्याच मुक्कामात आम्ही बाबांना डेलावेअरला घेऊन गेलो. विल्मिंग्टनजवळ ब्रँडीवाइन नदीच्या काठी ड्यू पाँट कंपनीनं १८०२ साली बंदुकीच्या दारूची गिरणी घातली. १९२१ साली ती बंद झाली आणि आता तिथं हॅग्ली नावाचं संग्रहालय आहे. तिथल्या दारू कांडायच्या इमारती पाहताना पहिल्यांदा वाटतं की बांधकाम अर्धवट राहिलंय. तीन बाजूंना दगडी भिंती, हात पसरून मोजाव्यात इतक्या जाड. चौथी बाजू, नदीकडची, हलक्या लाकडाची, आणि वर छप्परही हलकंच. स्फोट व्हायचाच, हे गृहीत धरून त्याला नदीकडे वाट करून दिलेली. ती जुनी काळी दारू, आजच्या पावडरीहून कितीतरी भडक, उघड्यावरही उडणारी. भिंती वाचायच्या, शेजारची इमारत वाचायची. आत काम करणारा मात्र वाचायचा नाही. तो गेला की गिरणीतले लोक म्हणायचे, तो ओढ्यापलीकडे गेला.

बाबा त्या भिंतीपाशी बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, दारूकामाच्या इमारती आजही याच विचारानं बांधतात: भोवती मातीचे बांध, वर हलकं छप्पर, दोन इमारतींत मोकळी जागा. दोनशे वर्षांत माणसानं पावडर बदलली, पण तिच्या खोलीचा विचार तोच राहिला. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की ती इमारत, पॅपींचं लाकडी कपाट आणि पावडरीचा प्लास्टिकचा पाऊण फुटी डबा हे तिन्ही एकाच माणसाच्या अनुभवातून आल्यासारखे आहेत. कुठून फुटायचं ते आधीच ठरवून ठेवलेले डबे.

आणखी एक गोष्ट मला तळघरात फार विचार करायला लावणारी वाटली. जो माणूस वेफर्सचा डबा फेकत नाही, तो पावडरीचा रिकामा डबा मात्र कधीच ठेवत नसे. डबा संपला की पॅपी त्याचं लेबल जाड काळ्या पेननं खोडून काढायचे, चाकूनं बुडाला चीर द्यायचे आणि कचऱ्यात टाकायचे. खरं तर तो डबा किती छान, काळा, अपारदर्शक, हातात मावणारा. माझा जीव तुटायचा. ते म्हणायचे, आज यात खिळे ठेवीन, उद्या कुणीतरी लेबल वाचून याला पावडर समजेल. किंवा दुसरीच पावडर यात पडेल आणि लेबल खोटं बोलेल. सगळ्या पावडरी दिसायला सारख्याच, करड्या-काळ्या. काहींचे दाणे काड्यांसारखे, काहींचे चपटे, काहींचे गोल, पण नुसतं पाहून ओळखायची छाती कुणी करू नये. पिस्तुलाची भरभर जळणारी पावडर रायफलीच्या मापानं भरली गेली तर बंदूक हातात फुटते, तोंडाशेजारी. म्हणून बाकड्यावर एका वेळी एकच पावडर. आणि जिच्यावर नाव नाही, ती पावडर घरात ठेवायचीच नाही, कितीही महागाची असो.

भारतात परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हा आहे, त्यामुळे हे वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरी कॅपा नसतील. पण डबा बदलल्यानं होणारा घात आपल्याला नवा नाही. आमच्या घरी रॉकेलचा एकच कॅन होता, लाल रंगवलेला, मोरीच्या वरच्या फळीवर. बाबांनी त्याला हात लावायची आम्हा भावंडांना बंदी केली होती. रॉकेल दुसऱ्या कशातही ओतायचं नाही; स्टोव्ह भरायचा तर कॅन खाली घेऊनच. शेजारी-पाजारी लोक हसायचे. त्यांच्याकडे रॉकेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत असायचं, स्टोव्हशेजारी, जमिनीवर. रेशनचं रॉकेल निळं यायचं, मुद्दाम रंग घातलेलं. पण तहानलेल्या दोन-तीन वर्षांच्या पोराला निळा रंग काय सांगणार? त्याला बाटलीचा आकार सांगतो की हे प्यायचं असतं. रॉकेल पोटापेक्षा फुप्फुसात जास्त घात करतं, म्हणून अशा मुलाला मीठपाणी पाजून उलटी करवू नये, थेट दवाखान्यात न्यावं. तरीही आजही घाबरलेली आई आधी बोटं घालते. संडास धुवायचं ॲसिड पाण्याच्या बाटलीत, फिनेल सरबताच्या बाटलीत, हे मी अजूनही सुट्टीला गेले की पाहते आणि मला राहवत नाही, मी बोलते. पाहुणी म्हणून गेलेल्या घरातसुद्धा बोलते.

उलट दिशेनंही तेच. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं मधल्या वेळचं जेवण खाऊन २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलं गेलं असावं, असं अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितलं होतं. आपल्याकडे कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांतच आहे की रिकामी झालेली पाकिटं आणि डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. पॅपी चाकूनं चीर द्यायचे ते याच कारणासाठी. पण आपला शेतकरी डबा का फोडेल? पाच लिटरचा, जाड, झाकणाचा, गळणार नाही असा डबा त्याला विकत घ्यायला परवडत नाही. नियम त्याला डबा फोडायला सांगतो, आणि त्या बदल्यात दुसरा डबा कुणी देत नाही. मला वाटतं, विषाच्या डब्याला वेगळाच, कुणालाही घरात आणावासा वाटणार नाही असा आकार असायला हवा, आणि रिकामा डबा दुकानात परत दिला की दोन पैसे मिळायला हवेत. रिकामा डबा परत नेणं वेफर्सवाल्यांना तेव्हाच जमलं होतं.

गेल्या वर्षी पॅपी मुलीकडे दक्षिणेत राहायला गेले. पायऱ्या उतरणं झेपेना. तळघर आवरायला त्यांच्या मुलीनं मला हाक मारली. काम मी समजले होते त्यापेक्षा लवकर झालं, कारण प्रत्येक डब्यावर पट्टी होती. केसा आणि प्रेस पुतण्यानं नेला. न उघडलेली पावडर आणि कॅपा, खोक्यांसकट, शूटिंग क्लबातल्या त्यांच्या दोस्ताकडे गेल्या. सगळ्यांत मागे एक जुना लाल पत्र्याचा पावडरीचा डबा निघाला, पॅपींच्याही वडिलांच्या काळातला असावा, लेबल उडालेलं. मुलीनं झाकण उघडू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. म्हाताऱ्या पावडरीला आंबट, उग्र वास येतो, तांबडा धूर धरतो, आणि ती आपोआप तापायला लागते, हे बाबांनी सांगितलेलं होतं. आम्ही डबा हलवला नाही, अग्निशमन दलाला फोन केला, त्यांचा माणूस येऊन घेऊन गेला.

शिसं वितळवून लगड्या पाडायचा मफिनचा साचा मात्र आम्ही दोघींनी मिळून वाकवून टाकला. तो इतका चकचकीत होता की जुन्या सामानाच्या विक्रीत कुणीही केकसाठी उचलला असता.

चार्ल्स चिप्सचा एक डबा मुलीनं मला दिला. "यात तुमचा तो दिवाळीचा फराळ ठेव," म्हणाली. चिवडा तिला फार आवडतो. डबा खरंच चिवड्याच्याच मापाचा आहे. पण उडालेल्या कॅपांची शिशाची भुकटी वर्षानुवर्षं त्या पत्र्याच्या सांध्यांत बसलेली, ती धुऊन जाईल यावर मी विसंबणार नाही. डबा गराजमध्ये आहे. त्यात सुतळी, झाडं छाटायची कात्री आणि हातमोजे. पॅपींची पट्टी मी तशीच ठेवली आणि तिच्याखाली माझी लावली: बाग, खायचं काही ठेवू नये. मराठीत लिहिलं आणि खाली इंग्रजीतही, कारण मुलाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.